अंटार्क्टिका व्हाया पेठ

२६ जुलै २०२४, शुक्रवार. पिंपळवंडी.

नवीन डायरी सुरू. लांबच्या प्रवासाला निघणारी माणसं डायरी लिहितात असं ऐकून आहे. ही बियाण्याच्या दुकानातून मिळालेली आहे, प्रत्येक पानाखाली खताची जाहिरात आहे, पण बाकी पान कोरं आहे. ही फक्त माझ्यासाठी. बायकोनं, म्हणजे अश्विनीनं, वाचायची नाही. अक्षदानं तर नाहीच नाही.

कारण असं की आज गोव्याच्या ऑफिसचं पत्र आलं. अंटार्क्टिकातल्या स्टेशनवर जनरेटर मेकॅनिक म्हणून माझी निवड. एक वर्ष. पिंपळवंडीपासून साधारण बारा हजार किलोमीटर, अक्षदानं लगेच मोबाईलवर मोजलं. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की २४ सप्टेंबरला दिल्लीत मेडिकल, त्यात पास झालो तरच. बारीक अक्षरातलं असतंच तसं, फॉर्मॅलिटी.

सतरा वर्षं मंचरच्या बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्रेसर आणि जनरेटर सांभाळतोय. गावात माझी ओळख काय, तर बटाट्यांना थंडी वाजवणारा भरत. गेल्या वर्षी शाळेत 'माझे वडील' असा निबंध होता. अक्षदानं अर्धं पान लिहिलं आणि उरलेल्या अर्ध्यात बटाट्याचं चित्र काढलं. मी खाली सही करून दिली. पण लागलं.

आज तिनं पत्र तीनदा वाचलं. मग म्हणाली, "पप्पा, मी शाळेत सांगू?"

सांग म्हटलं. बिनधास्त सांग.

संकल्प: उद्यापासून रोज पाच किलोमीटर पळणे. गोड बंद. तळलेलं बंद. माझं वजन ७६. पत्रातल्या कोष्टकात माझ्या उंचीला ८० पर्यंत चालतं. म्हणजे चार किलो शिल्लक आहेत. चार किलो लई झाले राव.

२७ जुलै, शनिवार

पहाटे ५.०० गजर झाला.
५.०१ बंद केला. प्लॅनिंगला शांतता लागते.
६.४५ उठलो.

गावच्या ग्रुपवर मेसेज होता, कालव्याच्या कडेला उसात बिबट्या दिसला. माझा पळायचा रस्ता नेमका तोच. अंटार्क्टिकाला जाणारा माणूस असा उसात वाया घालवणं बरोबर नाही. उद्यापासून.

संध्याकाळी शाळेतून हेडसरांचा फोन आला. जानेवारीच्या गॅदरिंगला थेट अंटार्क्टिकातून माझा व्हिडिओ कॉल ठेवायचा, मोठ्या पडद्यावर, सगळ्या गावासमोर. निवेदन अक्षदा करणार. मी म्हटलं, सर, एवढं काय त्यात, पण करू. सतरा वर्षांत हेडसरांनी मला पहिल्यांदा 'अहो भरतराव' म्हटलं.

२८ जुलै, रविवार

प्रयागबाई काकू आली. माझी चुलती, भावकीतलं सगळ्यात मोठं माणूस. वर्षभर जाणार म्हटल्यावर आधी डोळ्याला पदर लावला, मग मुद्द्यावर आली. लग्न ठरलेल्या पोरापोरीला भावकी घरोघर जेवायला बोलावते, केळवण करते. काकूचं म्हणणं, हा तर नवरीपेक्षा लांब चालला, याचं केळवण झालंच पाहिजे. मी म्हटलं, काकू, माझं मेडिकल आहे. तर म्हणाली, "मंग तर लईच खाल्लं पायजे. वाळलेल्या मानसाला कोन घेतंय?"

ठीक आहे. एका म्हातारीचं मन मोडायचं नाही. एक जेवण, विषय संपला.

३० जुलै, मंगळवार

विषय संपलेला नाही. काकूकडं जेवलो हे कळल्यावर भावकीतली बाकीची पंचवीस घरं रांगेत उभी राहिली. एकाकडं जेवलो आणि दुसऱ्याकडं नाही, असं आमच्यात चालत नाही. त्यात येत्या सोमवारी श्रावण लागतोय. म्हणजे सगळ्यांना मटण करायला फक्त सहा दिवस आहेत. आज दुपारी एक घर, संध्याकाळी एक घर. डब्यात एक घर.

पळणं: पाय जड होते.

१ ऑगस्ट, गुरुवार

काल सोमाजी तात्याकडं, आज सावळेराम अण्णाकडं. दोघं सख्खे भाऊ, आठ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, का ते दोघांनाही नीट आठवत नाही. तात्यानं दोन किलो मटण केलं हे अण्णाला कुणी सांगितलं देव जाणे, अण्णानं अख्खा बोकड पाडला. तात्याकडं तीन भाकरी खाल्ल्या होत्या, म्हणून अण्णाकडं चार खाव्या लागल्या. अण्णा बारीक लक्ष ठेवून होता. मी वर्षभर बाहेर, आणि अश्विनीला रोज जायचंय अण्णाच्या शेताच्या कडेनं. तिसऱ्या भाकरीवर थांबलो असतो तर वाट बंद झाली असती. हे जेवण नाही, याला डिप्लोमसी म्हणतात.

दोघांनीही शाल, टोपी, नारळ दिला. अण्णाची शाल जाड आहे. उपयोगी पडेल.

२ ऑगस्ट, शुक्रवार. मंचर.

थंडीचं ट्रेनिंग सुरू. चेंबर नंबर तीनमध्ये अधिक तीन डिग्रीला, नुसत्या बनियनवर, बटाट्याच्या गोण्यांसमोर उभा राहिलो. अंटार्क्टिकात उणे तीस असतं. फरक फक्त तेहतीसचा. नऊ मिनिटं थांबलो, दहा धरली. बाहेर आल्यावर हमालांनी चहा दिला, वर भजी. थंडीत शरीर तेल मागतं.

५ ऑगस्ट, सोमवार

श्रावण. सुटलो! वजन ७८.४. त्यात अर्धा किलो शर्टपँट. उद्यापासून उतरतीला लागेल.

९ ऑगस्ट, शुक्रवार

श्रावणात मटण नाही म्हणजे जेवण नाही, असा माझा समज होता. मी विसरलो होतो की आपल्याकडं बेसनाची मासवडी आहे. आणि पुरणपोळी. आणि पुरणपोळीवर तूप वाढताना 'बास' म्हटलं की अजून वाढतात.

श्रावणातली साडेसहा घरं झाली. अर्धं घर म्हणजे एका ठिकाणी वीज गेली आणि मी पटकन उठलो. उद्या पुन्हा बोलावलंय.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदनानंतर ग्रामपंचायतीसमोर सत्कार. शालींचा आकडा चौदा. हायवेच्या फाट्यावर फ्लेक्स लागला, 'अंटार्क्टिकावीर भरतशेठ यांना हार्दिक शुभेच्छा'. माझा फोटो बर्फाच्या डोंगरावर, एका बाजूला पेंग्विन, दुसऱ्या बाजूला पांढरं अस्वल. अक्षदा म्हणाली, पप्पा, तिकडं अस्वलं नसतात, ती उत्तर ध्रुवावर. फ्लेक्सवाल्याला फोन केला तर म्हणाला, राहू द्या भाऊ, अस्वलामुळं उठाव येतोय.

फोटोत मी सात वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा मला मान होती.

१९ ऑगस्ट, सोमवार

वजन ८०.९.

घाबरायचं कारण नाही. यामागं विज्ञान आहे. कोल्ड स्टोरेजच्या भिंतीत जाड थर भरलेला असतो, म्हणून तापमान टिकतं. माणसाच्या अंगावर तोच थर म्हणजे चरबी. बर्फात राहणाऱ्या सील प्राण्याचा व्हिडिओ पाहिला. नुसता गोल आहे आणि काय मजेत आहे. दिल्लीचे डॉक्टर शिकलेले असणार, त्यांना हे सांगावं लागणार नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार. मंचर.

स्वतःहून लॅबमध्ये रक्त दिलं. उपाशीपोटी द्यायचं होतं, पण सकाळी हमालाच्या पोराच्या बारशाचे पेढे आले. लॅबवाला म्हणाला, शुगर बॉर्डरवर आहे. बॉर्डरवर आहे म्हणजे अजून आपल्याच हद्दीत आहे. फाईल कपाटात वर ठेवली.

२५ ऑगस्ट, रविवार

मोहितचा फोन आला. हा संगमनेरचा, गोव्याला इंटरव्ह्यूला भेटलेला. माझ्याच जागेसाठी वेटिंगवर पहिला. अगदी काडी. चहासुद्धा बिनसाखरेचा पितो. तेव्हाच मी त्याला म्हटलं होतं, बाबा, अंगावर जरा मांस चढव, तिकडच्या वाऱ्यात उडून जाशील. त्यानं ते वहीत लिहून घेतलं होतं.

आज विचारत होता, भाऊ, तयारी कशी चाललीय. मी अर्धा तास मार्गदर्शन केलं. थंडीत डिझेल घट्ट होतं, फिल्टरला हात लावून बघायचा, इंजिन ऐकून कळतं, वगैरे. तो लिहून घेत होता, पेनाचा आवाज येत होता. रोज सात किलोमीटर पळतो म्हणाला. मी धीर दिला. नाराज होऊ नको, पुढच्या वर्षी तुझं होईल म्हटलं. बिचारा.

१ सप्टेंबर, रविवार

आज खरंच पळालो! बिबट्या नाही, पाऊस नाही, काहीच कारण सापडेना. एक किलोमीटर झाल्यावर मागून सावळेराम अण्णा मोटरसायकलवर आला. एवढा मोठा माणूस पायी का चाललाय म्हणून त्याला वाईट वाटलं. मी पळतोय हे त्याला दिसलं नाही. गाडीवर बसवून घरी नेलं. पोहे, जिलेबी.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती. मोदक मोजले नाहीत. देवाच्या कामात मोजमाप करायचं नसतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

वजन ८४.२. बारा दिवसांत चार किलो दोनशे ग्रॅम उतरवायचे. रोज साडेतीनशे ग्रॅम. आकडा लहान आहे. हिशेब मांडल्यावर एकदम हलकं वाटलं.

अश्विनी गेले दीड महिने माझ्या खाण्यावर एक शब्द बोलली नव्हती. आज ताटात एकच भाकरी ठेवली आणि म्हणाली, "पोरगी सगळ्या शाळेला सांगून बसलीय. एवढं ध्यानात असू द्या." मी म्हटलं, ध्यानात आहे. मग तात्याच्या सुनेनं पाठवलेली बासुंदी आली. ती परत कशी पाठवणार.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पितृपक्ष सुरू झालाय. आज तात्याकडं त्यांच्या वडलांचं पित्र. जिवंत माणसाला एखादं जेवण नाही म्हणता येतं. मेलेल्याला कसं म्हणणार. परवा अण्णाकडं, त्याच वडलांचं वेगळं पित्र.

वजन बघितलं नाही. काट्याची बॅटरी गेली असावी.

२१ सप्टेंबर, शनिवार. दिल्लीच्या गाडीत.

सकाळी पित्र जेवून निघालो. फाट्यावर अर्धं गाव. ढोल-ताशा. फ्लेक्सखाली फोटो. शाली एकतीस, त्यातल्या नऊ बॅगेत घेतल्या. प्रयागबाई काकूनं डिंकाच्या लाडवांचा डबा दिला आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, आता कसा भरल्यासारखा दिसतोयस.

अक्षदानं बसच्या खिडकीतून वही दिली. गाडीत बसल्यावर उघडली. 'माझे वडील अंटार्क्टिकात', चार पानं. पहिलं वाक्य, 'माझे वडील जनरेटर सांभाळतात, ते थांबलं तर सगळी माणसं गारठून जातील.' दोनदा वाचलं. समोरचा माणूस म्हणाला, डोळ्यात काही गेलंय का. हो म्हटलं.

डबा जड होता. चार लाडू कमी केले.

२४ सप्टेंबर, मंगळवार. दिल्ली.

सकाळी ९.२०. वजनकाटा. खिशातला मोबाईल काढला, पाकीट काढलं, घड्याळ काढलं, पट्टा काढला. जो माणूस आकडा लिहीत होता त्यानं मध्येच थांबवलं, नाहीतर अजूनही काढलं असतं. ८६.३.

१०.४०. बीपी. दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा जास्त आलं.

दुपारी १.१५. शुगर. आता हद्दीच्या पार पलीकडं.

दुपारी ३.००. डॉक्टर म्हातारे होते, चांगले होते. जुलैच्या अर्जात ७६ आणि आता ८६, हे कसं झालं, असं त्यांनी खरोखर कुतूहलानं विचारलं. मी हिंदीत केळवण समजावून सांगायला लागलो. तात्या, अण्णा, श्रावण, मासवडी, पित्र. शेवटी म्हटलं, "साब, लोगों ने खिलाया, क्योंकि मैं जा रहा था."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "और आपने खाया," म्हणाले, "इसलिए नहीं जा रहे."

सील प्राण्याचं मी काढलं नाही.

२४ सप्टेंबर, संध्याकाळ

अनफिट.

२७ सप्टेंबर, शुक्रवार. पेठ.

पुण्याहून नारायणगावच्या एसटीत बसलो. तिकीट नारायणगावचं काढलं होतं, तिथून पुढं फाटा, फाट्यावर फ्लेक्स, फ्लेक्सवर मी आणि अस्वल. पेठ आल्यावर पाय आपोआप उतरले.

पेठला माझी धाकटी बहीण रत्ना असते. दारात मला बघून आधी घाबरली, मग हसली, मग पाणी आणलं. तिला सगळं सांगितलं आणि शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही.

प्लॅन असा: त्यांच्या मागच्या खोलीत वर्षभर राहायचं. दाढी वाढवायची. पुढच्या सप्टेंबरला काळवंडून परत जायचं. बर्फावरच्या उन्हानं माणूस काळवंडतो, वाचलंय. व्हिडिओ कॉलला मागं पांढरी चादर. शाली आहेतच. आणि पेठ हे पिंपळवंडीच्या दक्षिणेला आहे. चाळीसेक किलोमीटर का होईना, दिशा बरोबर आहे.

रत्नानं रात्री शिरा केला. म्हटलं, रत्ना, हेच नको. तर म्हणाली, दादा, पहिल्यांदा राहायला आलास.

२८ सप्टेंबर, शनिवार. पेठ.

अश्विनीला फोन केला. पास झालो, आता डोंगरात बर्फाचं ट्रेनिंग चालू आहे, असं सांगितलं. थंडी कशी आहे, विचारलं तिनं. लई आहे म्हटलं. तेवढ्यात रत्नाचा कोंबडा आरवला. ती म्हणाली, "बर्फात कोंबडं पण हायेत व्हय?" मी म्हटलं, पेंग्विन आहे. हा डोंगर हिमालयाचा, तिथं पेंग्विन कुठून आला, असं तिनं विचारलं नाही. तिचा भूगोल कच्चा असावा.

मग फोन अक्षदानं घेतला. पप्पा, बर्फ हातात घेतल्यावर कसा लागतो, असं विचारलं. गार लागतो म्हटलं. मग रेंज गेली असं सांगून ठेवून दिला.

३० सप्टेंबर, सोमवार. पेठ.

सकाळी अकराला अंगणात लसूण सोलत बसलो होतो. अंगावर अण्णाची शाल, सवय व्हावी म्हणून. फाटक वाजलं. अश्विनी आणि अक्षदा. अक्षदाच्या अंगावर शाळेचा ड्रेस, म्हणजे अर्ध्या वाटेतून वळून एसटीत बसलेल्या.

रत्नानं पहिल्या दिवशीच, मी अंघोळीला गेल्यावर, फोन केला होता. म्हणजे पेंग्विनच्या वेळी अश्विनीला सगळं माहीत होतं.

अक्षदाला मीच सांगितलं. खाऊन अनफिट झालो म्हटलं. कुणी अन्याय केला नाही, काटा बिघडलेला नव्हता, मीच रोज उद्या उद्या करत बसलो. ती रडेल वाटलं होतं. रडली असती तर सोपं गेलं असतं. ती माझ्या शालीकडं बघत होती.

"मला फोनवर खोटं का सांगितलं?" एवढंच म्हणाली.

लाज वाटली, असं शेवटी म्हटलं. सगळ्यात जास्त तुझी. ते खरं होतं. गेल्या दोन महिन्यांत मी बोललेलं तेवढंच खरं असेल.

दुपारच्या एसटीनं तिघं परत आलो. मंचरच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास गाडी थांबली, मला तो पाऊण तास कमीच पडला.

१ ऑक्टोबर, मंगळवार. पिंपळवंडी.

फाट्यावर फ्लेक्स नाही. परवाच्या वाऱ्यात सुटला, तात्यानं तो गोठ्याच्या छपरावर टाकलाय. माझी बाजू आत. अस्वल वर.

गाव हसेल म्हणून दार लावून बसलो होतो. कुणी हसलं नाही. त्याहून वाईट झालं. प्रयागबाई काकू डबा घेऊन आली, दिल्लीवाल्यांनी पोराला उपाशी ठेवून तपासलं म्हणून शिव्या घालत. मागोमाग अण्णा, तात्या, आणि दोघं माझ्या अंगणात आठ वर्षांनी एकमेकांशी बोलले. विषय: चूक कुणाच्या मटणाची. तात्या म्हणाला तुझ्या बोकडानं याला घालवला, अण्णा म्हणाला तुझ्या पित्रानं. शाली परत द्यायला लागलो तर काकू चिडली. दिलेली शाल परत घेतात का.

अक्षदा माझ्याशी कामापुरतं बोलते.

१४ ऑक्टोबर, सोमवार

हेडसरांनी अक्षदाला विचारलं, गॅदरिंगचं काय करायचं, व्हिडिओ कॉल काढून टाकू का. ती म्हणाली, नको सर, विचारून सांगते. घरी येऊन मला विचारलं, तुमच्या त्या वेटिंगवाल्या काकांचा नंबर आहे ना?

म्हटलं, बघतो.

२० ऑक्टोबर, रविवार

बघतोय.

२७ ऑक्टोबर, रविवार

नंबर मोबाईलमध्ये आहे, बोट आहे, रेंज आहे. ज्याला मी पुढच्या वर्षी तुझं होईल म्हणून धीर दिला, त्याला आता काय म्हणू. दोनदा लावला, वाजायच्या आत कट केला. अश्विनी भांडी घासता घासता म्हणाली, तुमी जाऊ शकला न्हाई ह्याचं तिला काय न्हाई, तुमी फोन करत न्हाई ह्याचं हाय.

लावला.

मोहितच आधी बोलला. भाऊ, मीच करणार होतो, लाज वाटत होती, तुमच्या जागेवर चाललोय ना. मी व्हिडिओ कॉलचं विचारलं. तो लगेच हो म्हणाला, तिथल्या साहेबांची परवानगी काढतो म्हणाला. मग तासभर जनरेटरवर बोललो. यावेळी मार्गदर्शन केलं नाही, तो विचारेल तेवढंच सांगितलं. फोन ठेवल्यावर अक्षदानं पाणी आणून दिलं. न मागता.

३१ डिसेंबर, मंगळवार

मोहित पोहोचला. फोटो आला. सगळीकडं पांढरं, मध्ये तो, लाल कोटात, अजून काडीच. वाऱ्यानं उडालेला नाही.

वजन ८३. पळतोय. म्हणजे आठवड्यातून दोनदा. बिबट्या सध्या ओतूरच्या बाजूला आहे, त्यामुळं अडचण झालीय.

१८ जानेवारी २०२५, शनिवार

गॅदरिंग. संध्याकाळी सहापासून मैदान भरलं होतं. मी मागच्या रांगेत, अश्विनीच्या आडोशाला बसलो. सात वाजता कॉल. अक्षदा स्टेजवर दोन्ही हातांनी माईक धरून उभी. पडद्यावर मोहित आला, पोरं ओरडली, त्यानं नमस्कार म्हणायला तोंड उघडलं आणि वीज गेली.

अंधारात हेडसरांचा आवाज आला, भरतराव आहेत का, भरतराव.

शाळेच्या मागं जुना जनरेटर आहे. सुरू केला, पण त्याचा वेग सांभाळणारा गव्हर्नर गेलेला. हातानं रेस धरून ठेवली तरच लाईट स्थिर, सोडली की पडदा जातो. लगेच दुरुस्त होणारं काम नव्हतं. मग बसलो पत्र्याच्या शेडमध्ये, इंजिनाच्या कडेला, एका हातानं रेस धरून. सव्वीस मिनिटं. पुढं काय चाललंय त्यातलं एक अक्षर ऐकू येईना, नुसती धडधड. मध्ये मध्ये टाळ्यांसारखं काहीतरी आल्याचा भास व्हायचा. इंजिन थोडं जड झालं की आवाजावरून कळायचं, रेस वाढवायची. हाताला मुंग्या आल्या. हात बदलायला गेलो तर लाईट डुलली, म्हणून बदलला नाही.

संपल्यावर अक्षदा पळत मागं आली. लाईट एकदापण गेली नाही पप्पा, म्हणाली. मग सांगायला लागली. पाचवीतल्या एका पोरानं मोहितकाकांना विचारलं, तुम्ही तिकडं एवढ्या लांब जाऊन नेमकं करता काय? मोहितकाका म्हणाले, विशेष काही नाही, जनरेटर बंद पडू द्यायचा नाही, एवढंच काम.

मी हात पुसत होतो. पुसतच राहिलो.

नंतर हेडसरांनी स्टेजवर बोलावून शाल दिली. बत्तिसावी. अंटार्क्टिकासाठी नाही, जनरेटरसाठी. मागून प्रयागबाई काकूनं ओरडून विचारलं, पोराला जेवायला घातलं का कुणी?

२२ जानेवारी, बुधवार

अक्षदाच्या शाळेत यंदा पुन्हा 'माझे वडील'. दिल्लीला नेलेली वही मी तिला परत दिली होती, त्यातच लिहिलाय. तिनं ती मला बघायला दिली नाही, टेबलावर उघडी ठेवून अंघोळीला गेली. अंटार्क्टिकाची चार पानं फाडलेली नाहीत, त्याच्या पुढच्या पानापासून लिहिलंय. अर्धंच पान. 'माझे वडील मंचरला जनरेटर सांभाळतात' इथून सुरू होतं.

खालच्या अर्ध्या पानात चित्र आहे. या वेळी बटाटा नाही. पत्र्याचं शेड, इंजिन, आणि शेजारी रेस धरून बसलेला मी. इंजिन जरा वाकडं आलंय. पोट अगदी बरोबर आलंय.